‘भाऊ, तू आपला खान्देशना ना?’ : नोकरीची हमी घेतली आणि आप्पांच्या डोक्यावर कर्ज बसलं

फोन आला तेव्हा मी अमळनेर स्टँडवर पारोळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. "भाऊ, तू आपला खान्देशना ना?" पलीकडून अहिराणी ऐकली आणि मी गर्दीतून बाजूला जाऊन बोलायला लागलो. तोच माणूस हिंदीत बोलला असता तर मी दोन मिनिटांत फोन ठेवला असता.

ही २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन वर्ष झालं होतं. नंबर त्याला कुठून मिळाला हे नंतर कळलं. कॉलेजात ‘आयटीतल्या संधी’ नावाचं फुकट सेमिनार झालं होतं, तिथे फॉर्म भरून घेतला होता. त्यात वडिलांचा व्यवसाय असाही एक रकाना होता. मी ‘शेती, पाच एकर’ असं लिहिलं होतं.

अमळनेर ऐकल्यावर तो म्हणाला, "विप्रोच्या गावचा पोरगा आणि घरी बसलाय?" १९४५ मध्ये विप्रोची सुरुवात आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते वाक्य बरोबर जिव्हारी लागलं. पुण्यात सहा महिन्यांचा फुल स्टॅक (वेबसाइटची समोरची आणि मागची, दोन्ही बाजू बांधायला शिकवणारा) कोर्स, नोकरीची शंभर टक्के हमी आणि नोकरी लागेपर्यंत एक रुपया द्यायचा नाही, असं त्याने सांगितलं. फी ९०,००० रुपये, तीसुद्धा पगारातून.

मग ‘केवायसी’ आली. आधार, पॅन, मोबाइलसमोर मान हलवून काढलेला सेल्फी. मला उत्पन्न नाही म्हणून ‘गॅरंटर म्हणून नुसतं नाव’ आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, हवं होतं. आप्पा तेव्हा कपाशीला खत देत होते. मी फोनवर ओटीपी विचारला, त्यांनी बांधावर उभं राहून सहा आकडे वाचून दाखवले. एकदा नाही, तीनदा. त्यातला एक कर्जाच्या कराराचा होता आणि एक आप्पांच्या बँक खात्यातून दरमहा परस्पर पैसे कापण्याच्या परवानगीचा. एसएमएस इंग्रजीत होता. मीही तो नीट वाचला नाही, बी.एस्सी. असून.

म्हणजे ‘फी नंतर’ हा प्रकार नव्हताच. एका वित्त कंपनीने आमच्या नावावर ९०,००० चं कर्ज काढून रक्कम संस्थेला एकरकमी देऊन टाकली होती, ५,००० चे १८ हप्ते. व्याजाचा वाटा संस्था आपल्या रकमेतून सोडते, म्हणून त्याला ‘नो कॉस्ट’ म्हणायचं. संस्थेचे पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल झालेले असतात. पुढे पोरगं शिको की घरी जावो, कोणाला काय पडलंय? पहिले तीन हप्ते संस्थेने स्वतः भरले, म्हणून आम्हाला सुगावा लागला नाही. डिसेंबरात कापसाचे पैसे खात्यात आले आणि ५ तारखेला त्यातले ५,००० गेले. विचारलं तर उत्तर आलं, "प्लेसमेंट झाली की परत मिळतील."

शिकवणं कसं होतं? एचटीएमएल, सीएसएस ठीक. जावास्क्रिप्ट तीन आठवड्यांत गुंडाळली, मग रिअॅक्ट, नोड, मोंगोडीबी असं धावत धावत. सर स्क्रीनवर टाइप करायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. प्रोजेक्ट म्हणून सगळ्या बॅचला एकच तयार ऑनलाइन दुकान दिलं, नाव बदलून गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) चढवायला सांगितलं.

त्याचा निकाल हिंजवडीतल्या एका मुलाखतीत लागला. समोरच्या ताईंनी माझं गिटहब उघडलं. सगळ्या प्रोजेक्टला एकच कमिट, म्हणजे सगळा कोड एकाच वेळी चढवलेला. वर गुपित ठेवायची .env फाइलही तशीच चढवलेली, डेटाबेसच्या पासवर्डसकट. त्यांनी विचारलं, "कॉर्सचा एरर आला तर अडवतं कोण, ब्राउझर की सर्व्हर?" मी सर्व्हर म्हणालो. (कॉर्स म्हणजे एका साइटने दुसऱ्या साइटकडून माहिती मागण्याचा नियम. अडवतो ब्राउझर, सर्व्हर फक्त परवानगीचे हेडर पाठवतो.) त्या रागावल्या नाहीत. "आज आलेला तुम्ही तिसरा, हेच दुकान घेऊन," एवढंच म्हणाल्या. खरं सांगायचं तर यात माझाही वाटा आहे. नोकरी विकत घेतलीच आहे अशा समजुतीत मी रात्री बसून स्वतः काही बांधलं नव्हतं.

नंतर संस्थेने दोन मार्ग सुचवले. एक, २०,००० भरून दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र. ते मी घेतलं नाही, कारण रूममेटने घेतलं होतं. त्याला ऑफर मिळाली, पण पडताळणीत यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, मागितला, त्यात त्या कंपनीची नोंदच नव्हती. ऑफर गेली.

दुसरा मार्ग ऐकून मी खुर्चीवरून उठलोच. "तुला अहिराणी येते ना? आपल्याकडेच जॉइन हो. महिना १२,००० आणि अॅडमिशनमागे इन्सेंटिव्ह." जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांची यादी समोर ठेवली होती. मला पहिला फोन करणाराही असाच कोणी असेल, कर्जात अडकलेला.

मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी करारातलं कलम दाखवलं: संस्थेने दिलेली कोणतीही नोकरी नाकारली की हमी संपली. हजेरी ८५ टक्क्यांच्या खाली गेली किंवा तीन मुलाखतींत नापास झालो तरी संपली. जाहिरातीतली ‘हमी’ करारात ‘साहाय्य’ झाली होती.

आप्पांनी खात्यात पैसे ठेवणं बंद केलं. मग हप्ते बाउन्स, त्यावर दंड, आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पडल्यामुळे ट्रॅक्टरचं कर्ज नाकारलं गेलं. घरी फोन केला तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "पैसा गया ते गया. तू घर ये." महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावला उतरलो.

पोलिसांनी ‘सही तुमचीच आहे, दिवाणी मामला’ म्हणून वाटेला लावलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मात्र नीट माहिती मिळाली. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याच्या खेपा नकोत. पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षांची. वित्त कंपनीला आधी लेखी तक्रार केली, ३० दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन गेलो. माझ्याकडे कामाचं निघालं ते व्हॉट्सअॅपवरचं ‘१०० टक्के जॉब’ आणि दोन कॉल रेकॉर्डिंग. सेमिनारचं पत्रकही आईने कपाटात खाली अंथरलं होतं, म्हणून वाचलं.

तुमच्याकडे असा फोन आला तर ‘हमी द्या’ म्हणू नका, कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव लेखी मागा. तिथेच अर्धे फोन कट होतात. डिजिटल कर्ज असेल तर ठरावीक दिवसांत ते दंडाशिवाय परत करण्याची मुभा करारात द्यावी लागते, ती ओळ शोधा. आणि शिकायचंच असेल तर एमडीएन, फ्रीकोडकॅम्प, ओडिन प्रोजेक्ट या साइट्सवर सगळं फुकट आहे. मी आता तेच करतोय. भावकीतल्या एका कापूस व्यापाऱ्यासाठी वजन-पावत्यांचं छोटं अॅप बांधतोय, रोज एक तरी कमिट.

जळगावच्या ग्राहक आयोगात पुढची तारीख पडली आहे. मी एकटाच जाणार होतो. काल जेवताना आप्पा म्हणाले, "मी बी येस. ओटीपी मीच दिन्हा व्हता."