खेकडा छापलेली चिप आणि माझे १२,७०० रुपये

हे लिहायला लाज वाटते, कारण मी बारा वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरतोय. कोणी म्हणेल, मग फसलास कसा? दिवाळी अंकाची पानं गळ्याशी आली होती, म्हणून फसलो. घाईत असलेला माणूस दुकानदाराला दारातच ओळखू येतो.

चूक माझी होती, तेवढी कबूल. पानं लावायच्या ऐन दिवसांत उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर गेलो. लॅपटॉपात एनव्हीडियाचं ९४०एमएक्स ग्राफिक्स कार्ड, आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, मी कधीकाळी कंपनीच्या साइटवरून हाताने बसवलेला. असा ड्रायव्हर त्या वेळच्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, चिकटलेला असतो. कर्नल बदलला की सगळं लटकतं. लटकलंच. लोगो आला, मग काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

डोंबिवलीत स्टेशनजवळ ‘चिप लेव्हल रिपेअर’ची पाटी असलेलं एक दुकान आहे. तिथे गेलो. त्याने काउंटरवरच लॅपटॉप चालू केला. कंपनीचा लोगो झळझळीत आला. मग ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायचा, मेनू आला, अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. मग काळोख. तो म्हणाला, “काका, ग्राफिक्स चिप गेली. गरम झाली की बंद पडते.”

गरम? सुरू होऊन वीस सेकंदसुद्धा झाली नव्हती हो! चिप मेलेली असती तर तो मेनू इतका स्वच्छ दिसला असता का, ही शंका तरी यायला हवी होती. शिवाय त्याच मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ची ओळ होती. तिथून जुना कर्नल निवडला असता तर बहुतेक पडदा तिथेच उजळला असता. मी त्या ओळीकडे बघत उभा होतो आणि मान डोलावत होतो. रात्री अजून ती ओळ डोळ्यांपुढे येते.

तपासणीचे ५०० दिले. कागदाच्या कपट्यावर पासवर्डही लिहून दिला (हे कधीही करू नका). दुसऱ्या दिवशी फोन आला, रीबॉलिंग करावं लागेल, ६,५०० आधी पाठवा. पाठवले. यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं, तरी पाठवले. सहा दिवसांनी म्हणे चिप धरत नाही, बदलावी लागली, ४,८००. वर पंखा आणि पेस्टचे ९००. हे दोन्ही रोखीत. बिल मागितलं तर पाठकोऱ्या कागदावर आकडे, ना शिक्का ना सही.

जुनी चिप मागितली. एवढी अक्कल होती. त्याने नखाएवढा काळा तुकडा हातावर ठेवला. चारही बाजूंना बारीक पाय, वर एक छोटा खेकडा. खिशात घालून घरी आलो.

लॅपटॉप चालत होता, पण पंखा भणभणत होता आणि दुसरा मॉनिटर मेलेलाच. रविवारी भाचा आला. पाच मिनिटांत म्हणाला, “मामा, चित्र एनव्हीडिया काढतच नाहीये, सगळा भार प्रोसेसरवर आहे.” ग्रबच्या फाइलमध्ये ‘नोमोडसेट’ हा ग्राफिक्सचे ड्रायव्हर रोखणारा एक शब्द घातलेला आणि माझ्या जुन्या ड्रायव्हरची एक्सऑर्ग (पडद्याच्या मांडणीची) फाइल नाव बदलून बाजूला सारलेली. दोन्ही बदलांची वेळ एकच: लॅपटॉप दिला त्याच संध्याकाळी, ५ वाजून ५० मिनिटं. म्हणजे रीबॉलिंगचे पैसे मागायच्या आदल्या दिवशीच त्याला रोग कळलेला होता! पुढचे सहा दिवस नुसतं नाटक.

आणि तो खेकडा? ती रिअलटेकची खूण. बहुधा नेटवर्कच्या नाहीतर आवाजाच्या चिपवर असते. ग्राफिक्सच्या चिपला पाय नसतातच, खाली कथिलाचे गोळे असतात. ते गोळे नव्याने बसवणं म्हणजेच रीबॉलिंग. पायवाली चिप हातात देऊन त्याने मला रीबॉलिंगचे पैसे लावले.

भाच्याने जुना ड्रायव्हर उपटला, उबुंटूच्याच ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधून ५३५ आवृत्तीचा टाकला. रीबूटला निळा पडदा आला, तिथे ‘एन्रोल एमओके’ करून, म्हणजे नवा ड्रायव्हर विश्वासातला आहे अशी नोंद करून, पासवर्ड दिला. तो पडदा घाईत पुढे ढकलू नका, सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सोय) चालू असेल तर त्याशिवाय ड्रायव्हर उठत नाही. दुसरा मॉनिटर लागला. खर्च: दोन चहा.

दुकानदार म्हणाला, “चालू करून दिला ना?” चौकीत हवालदारांनीही तोच प्रश्न विचारला. लॅपटॉप चालतोय, मग फसवणूक कसली, दिवाणी बाब आहे. फाइलची वेळ दाखवली तर म्हणाले, ती कोणीही बदलू शकतो. चारशेवीस लावा म्हटलं, तर आता नव्या न्याय संहितेत ४२० नाही, ३१८ आहे, हे मात्र तत्परतेने समजावलं. अर्ज घेतला, पण पोच साहेब आल्यावर. साहेब बंदोबस्तात. पुढच्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा अर्जच सापडेना. लॅपटॉप कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला म्हटलं, चिप बदलली नाही एवढं लिहून द्या. तर वॉरंटी संपली आणि लिनक्सला आमचा सपोर्ट नाही. अहो, मी सपोर्ट मागत नव्हतो, चिप बघा म्हणत होतो! ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. पण वकील पहिलाच प्रश्न विचारतो, बिल कुठंय? ७,००० यूपीआयवर दिसतात, ५,७०० हवेत गेले. रोख देऊ नका. पक्कं बिल नसेल तर लॅपटॉप काखोटीला मारून निघा. आणि दुकानात जाण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू (लॅपटॉपात न बसवता थेट चालणारं) चालवून बघा. पडदा दिसला तर आधी ड्रायव्हरवर संशय घ्या.

सोमवारी चौथी खेप. अर्जाच्या दोन प्रती काढल्यात, खेकडा प्लॅस्टिकच्या पुडीत घातलाय.