सूतगिरण्यांच्या गावातला इन्स्पेक्टर: आठ महिने वाचल्यावर

मार्चमध्ये सवलत होती म्हणून सहा रहस्यकथांचा संच ई-रीडरवर घेतला. इंग्लंडच्या लँकशायरमधलं सूतगिरण्यांचं गाव, काळ 1860 च्या आसपासचा. आता नोव्हेंबर संपत आला. पाच वाचून झाल्या, त्यातल्या दोन दुसऱ्यांदा. सहावी अर्ध्यावर पडून आहे.

सुरुवातीला वैतागले होते. मला सवय लंडनच्या धुक्यात बग्गीतून हिंडणाऱ्या हुशार गृहस्थांची. इथला इन्स्पेक्टर चिखल तुडवत पायी फिरतो, आणि त्याचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे पहाटे लांब काठीने खिडक्यांवर टकटक करून कामगारांना उठवणारा म्हातारा. हा तिथला खराखुरा धंदा, 'नॉकर-अप'. कुठल्या खिडकीतून आज 'ओ' आली नाही, हे त्याच्याशिवाय कोणाला कळणार? तिथे मी सावरून बसले.

तिसऱ्या कथेतली युक्ती तर झकास. मागांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणंही ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर बायका ओठ मोठाले हलवून, हातवारे करत बोलायच्या. याला तिकडे 'मी-मॉ' म्हणत. दुकानाच्या काचेआड दोघं कुजबुजतात आणि रस्त्यापलीकडची विणकरीण ते सगळं ओठांवरून टिपते! बोटांचे ठसे बघायची सोय तेव्हा नव्हतीच. स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग 1901 मध्ये आला. (कलकत्त्यात त्याआधी, 1897 मध्ये. उगाचच कॉलर ताठ झाली.)

चौथी कथा कापसाच्या टंचाईतली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि लँकशायरच्या गिरण्या थंडावल्या. मग हिंदुस्थानचा कापूस गेला. मुंबईहून आलेल्या मालाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. त्यात आपल्या खानदेश-वऱ्हाडचाही असायचा. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला. सूत सारखं तुटायचं आणि मजुरी नगावर, त्यामुळे मार विणकराच्या पोटाला. पुढे तर कुठल्याही टुकार मालाला 'सुरत' म्हणायला लागले. इकडे त्याच कापसावर मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता, तो 1865 मध्ये युद्ध संपताच आटला. कथेत मुंबईचं नुसतं नाव येतं, एवढीच माझी कुरकुर.

त्यात गोदामात गासडी फोडतात तेव्हा आत दगड निघतात. ते पान मी आईला मराठीत सांगितलं. तिचं माहेर जळगावकडचं. ती निवडायची मेथी तशीच ठेवून म्हणाली, "शेतकऱ्याचं नाव नको घेऊस हं. व्यापाऱ्यानेच घातले असतील, वजनाला."

बाकी खटकण्यासारखं आहेच. गिरणीमालक दिसला की हाच खलनायक हे दुसऱ्या प्रकरणात कळतं. इन्स्पेक्टर अधूनमधून आजच्या माणसासारखी भाषणं ठोकतो. गावाकडची इंग्रजी बोली मला दोन-दोनदा वाचावी लागली. शब्दार्थ शेवटी दिलेत, पण तिकडे जाऊन परत यावं तर पान हरवतं. ज्यांना जमेल त्यांनी छापील प्रतच घ्यावी.

आणि सहावी. लेखकाने इन्स्पेक्टरला रेल्वेत बसवून लंडनला पाठवलाय. तिथे ना नॉकर-अप, ना विणकरणी; बिचारा बग्गीवाल्याला पत्ते विचारत फिरतोय. सत्तेचाळीस टक्क्यांवर थांबलेय. तो परत गावी आला की कोणी वाचलेल्याने सांगा, तिथून पुढे वाचेन.