ट्रक गॅरेजला: बदली ड्रायव्हरी की भाड्याचा पिकअप?

इंजिन खोललं की ट्रक उभा, हप्ता मात्र चालूच.

दुसऱ्याच्या ट्रकवर बदली ड्रायव्हर म्हणून गेलात तर डिझेल-टोल मालकाचा, आपल्याला पगार-भत्ता. पण गाडी अनोळखी. आधी आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसीच्या तारखा बघा. एअर ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडून साचलेलं पाणी काढा; हवा कमी असल्याचा (लो-एअरचा) बझर थांबेपर्यंत गाडी हलवू नका. आपल्या जुन्या गाडीत ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) नसेल तर बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीवर हमखास फसायला होतं. ते संपलं की इंजिनची ताकद उतरते, तीही नेमकी घाटात. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावी फिरवूच नका, आधी टाकी रिकामी करा; नाहीतर पंप-इंजेक्टरचा खर्च अंगावर येतो.

बांधलेली गिऱ्हाइकं असतील तर मात्र पिकअपच घ्यावा, एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. नंबरपाटी पिवळीच हवी. माल साधारण दीड टन; ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,०००. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स पुरतं, बदलीच्या मोठ्या ट्रकला हेवीचंच लागतं. आणि ई-वे बिलाच्या (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाच्या) भाग ‘ब’मध्ये पिकअपचा नवा गाडी नंबर टाकूनच निघा.