वायू तापला कशाने: प्रकाशाने की धक्क्याने?

सक्रिय दीर्घिकेच्या (जिच्या मध्यातले महाकाय कृष्णविवर आजूबाजूचे द्रव्य गिळत असते) केंद्राभोवती हजारो प्रकाशवर्षे पसरलेला वायू क्ष-किरणांत चमकतो. त्याला दोन कारणे संभवतात. एक म्हणजे कृष्णविवराजवळचा प्रखर प्रकाश अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो. दुसरे, बाहेर फेकलेला झोत आजूबाजूच्या वायूवर आदळून आघात-तरंग उठवतो.

नुसत्या चित्रावरून निवाडा होत नाही, खरी साक्ष वर्णपटाची, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किरण किती येतात त्या आलेखाची. प्रकाशाने आयनीभूत झालेला, म्हणजे इलेक्ट्रॉन उडालेला, वायू तसा थंडच असतो, काही दशसहस्र केल्विन. त्यात इलेक्ट्रॉन परत पकडले जाताना वर्णपटात अरुंद उंचवटे उमटतात. तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी १०६८ या सक्रिय दीर्घिकेत एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीला नेमके तेच दिसले. याउलट सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाचा धक्का वायूला सव्वा कोटी केल्विनच्याही वर नेतो. तिथे हे उंचवटे पसरट होऊन विरतात.

धक्क्याचे ठळक उदाहरण नरतुरंग तारकासमूहातली सेंटॉरस ए ही दीर्घिका. तिच्या नैर्ऋत्य रेडिओ-फुग्याभोवतीचे (झोताने फुगवलेल्या, रेडिओ लहरी सोडणाऱ्या भागाभोवतीचे) क्ष-किरण कवच चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने टिपले. गंमत अशी की, त्यातले बरेचसे क्ष-किरण तापलेल्या वायूचे नसून धक्क्यात वेगवान झालेल्या इलेक्ट्रॉनांचे निघाले!

माझा कौल? सेफर्ट दीर्घिकांत (एनजीसी १०६८ सारख्या तेजस्वी केंद्राच्या सक्रिय दीर्घिकांत) आधी प्रकाशावर संशय घ्यावा. रेडिओ-झोत वायूला भिडतो तिथे मात्र धक्क्यावर.