सात महिन्यांनंतर ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: सेल्फ मारताना दिसणारा एक आकडा

गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावला की इंजिनची माहिती मोबाइलवर दाखवणारा, माझ्या २०११ सालच्या पेट्रोल गाडीसाठी घेतलेला साडेआठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मी सात महिने वापरतो आहे, आणि त्याविषयी पहिल्या पंधरा दिवसांत झालेले मत मला पूर्णपणे बदलावे लागले आहे.

मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट ओलांडून चहासाठी थांबलो आणि त्यानंतर गाडी सुरूच झाली नाही. सेल्फ जोरात फिरत होता, बॅटरी ठीक होती. पाऊण तासाने इंजिन निवल्यावर मात्र ती पहिल्या सेल्फला सुरू झाली. हे आणखी दोनदा घडल्यावर, सेल्फ मारताना पंपाचा आवाज येत नाही एवढ्या कारणावरून गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदलला गेला. साडेसहा हजार रुपये खर्च झाले आणि आठव्या दिवशी गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहिली.

त्या संतापात स्कॅनर मागवला. भारतात ओबीडी-२ (गाडीने आपले दोष स्वतः ओळखून नोंदवण्याची पद्धत) एप्रिल २०१३ पासून सक्तीचे झाले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट असले तरी स्कॅनर जुळेलच असे नाही. माझ्या गाडीत तो जुळला, पण एकही फॉल्ट कोड, म्हणजे नोंदलेल्या दोषाचा क्रमांक, नसल्याचे त्याने सांगितले. पैसे वाया गेले असे समजून मी तो परत पाठवायला काढला होता.

मग एकदा गाडी गरम असताना बंद पडली, तेव्हा कोड न पाहता लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) उघडला आणि सेल्फ मारला. इंजिन फिरत असताना दोनशेच्या आसपास आरपीएम (मिनिटाला इंजिनचे फेरे) दिसायला हवे होते. दिसत होते शून्य. इंजिन फिरते आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, मुख्यतः क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणाऱ्या क्रँक सेन्सरवरून कळते. तो संकेत मिळाला नाही, तर माझ्या गाडीचा ईसीयू ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद चालवलेला पंपही बंद ठेवतो. गॅरेजमध्ये पंपाचा आवाज का येत नव्हता, याचे उत्तर त्या एका शून्यात होते. दोन वायरींचा तो सेन्सर थंड असताना मल्टिमीटरवर सुमारे नऊशे ओहम रोध दाखवी आणि तापल्यावर आतली तार तुटल्यासारखे सर्किट उघडे पडे. सेन्सर बदलल्यापासून गाडी एकदाही अडलेली नाही. ज्यांच्या डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा आहे, त्यांनी सेल्फ मारताना आधी तो हलतो का हे पाहावे. माझ्या साध्या मॉडेलमध्ये काटाच नसल्यामुळे हा आकडा मला स्कॅनरशिवाय मिळालाच नसता.

माझी खरी तक्रारही याच आकड्याबाबत आहे. बॅटरी थोडी उतरलेली असली की सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जाते आणि नेमक्या त्या क्षणी स्कॅनरचा संपर्क तुटतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण चार्ज केल्याशिवाय ही तपासणी करू नये, आणि मोबाइलवर फक्त आरपीएम हा एकच आकडा ठेवावा, म्हणजे तो लवकर बदलतो.

नोव्हेंबरमध्ये चेक इंजिनचा दिवा लागला, सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागली आणि रेडिएटरचा पंखा सतत फिरू लागला. या वेळी कोड मिळाला, पी ०११८ (कूलंटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटचा), आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे तापमान उणे चाळीस अंश दिसत होते. दुकानदार सेन्सरचे अकराशे रुपये सांगत होता. कोड सर्किटचा दोष सांगतो, सुटा भाग खराब असल्याचे सांगत नाही, हे आता मला ठाऊक होते. म्हणून सेन्सरवरून प्लग काढून वायरीकडच्या त्या प्लगच्या दोन पिना तारेने जोडल्या; असे केले की ईसीयूला कूलंट खूप तापल्यासारखे दिसते. वायरिंग चांगले असते, तर आकडा एकदम सव्वाशेच्या पुढे गेला असता. तो उणे चाळीसवरच राहिला. एअर फिल्टरच्या डब्याखाली उंदराने कुरतडलेली वायर सापडली, आणि सोल्डर व स्लीव्ह मिळून चाळीस रुपयांत काम झाले.

काढलेला जुना फ्युएल पंप मी गॅरेजमधून मागून आणला आणि तपासला; तो व्यवस्थित चालतो. तो दाखवून पैसे परत मागितले आहेत आणि ते बोलणे अजून चालू आहे.