इंग्लंडच्या खेड्यातला पूर्वज शोधायचाय: फुकट इंडेक्स, पैशाची साइट की थेट रेकॉर्ड ऑफिस?

गेल्या वर्षभरात मला हा प्रश्न तिघांनी विचारला. दोघींचे नवरे इंग्लिश, आणि एकाचे पणजोबा तिकडून रेल्वेत ड्रायव्हर म्हणून भुसावळला आलेले. तिघांचं म्हणणं एकच, "कुठल्या साइटचे पैसे भरू तेवढं सांग." मी उलट विचारते, काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) कुठली? कारण कुठली साइट भारी हा मुद्दाच नाहीये, तुमच्या गावाची रजिस्टरं, म्हणजे चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्या, कुणाकडे स्कॅन होऊन पडलीत हा मुद्दा आहे. डेव्हन, स्टॅफर्डशायर, श्रॉपशायर असेल तर फाइंडमायपास्ट ही पैशाची साइट, डॉर्सेट, ग्लॉस्टरशायर, वॉरिकशायर किंवा लंडन असेल तर अॅन्सेस्ट्री, तीही पैशाचीच, आणि एसेक्सचा कारभार तर वेगळाच, तिथल्या रेकॉर्ड ऑफिसची (काउंटीच्या जुन्या कागदपत्रांचं दप्तर) स्वतःची साइट आणि तिचे पैसेही वेगळे.

मी शोधलं ते डेव्हनमधलं. नवऱ्याच्या खापरपणजोबांचे आजोबा, शेतमजूर, जन्म १७९५ च्या आसपास, ना जमीन ना दुकान. अशा माणसाचं मृत्युपत्र वगैरे नसतंच (आणि डेव्हनची मृत्युपत्रं १९४२ च्या बाँबहल्ल्यात एक्सेटरला जळाली, त्यामुळे तो नाद सोडाच). जे काय मिळणार ते चर्चच्या वह्यांत. या वह्या ठेवायचा हुकूम १५३८ चा, थॉमस क्रॉमवेलचा, पण सगळीकडच्या तेवढ्या जुन्या टिकल्या नाहीत.

फुकटात काय मिळतं ते आधी. मिळतो तो इंडेक्स, म्हणजे जुन्या वह्यांतून टाइप करून उतरवलेली नावं-तारखांची यादी. फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च या साइट, शिवाय कॉर्नवॉल, लँकेशायर अशा काही काउंट्यांत ऑनलाइन पॅरिश क्लार्क (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव) नावाचे स्वयंसेवक आहेत, ते एकेका गावाच्या नोंदी टाइप करून ठेवतात. सुरुवात इथूनच करायची, माझं याबद्दल दुमत नाही. पण उतरवणारा माणूसच असतो आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं अक्षर म्हणजे आपल्याकडच्या डॉक्टरचं, त्यामुळे एका ठिकाणी आडनावातलं एकच अक्षर चुकीचं वाचलं गेलं होतं आणि मी चार महिने भलत्याच कुटुंबाच्या मागे फिरले, नवऱ्याच्या सगळ्या आत्यांना फोन करून झाले, मग लक्षात आलं. दुसरी फसगत नावांची. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची तिकडे सर्रास पद्धत, त्यामुळे बाप्तिस्मा सापडला म्हणून नाचू नका, पुढची दहा वर्षं दफनाच्या नोंदी चाळा, तो पोरगा लहानपणीच गेलेला नाही ना ते बघा.

पैसे भरले की मूळ पानाचा फोटो दिसतो, आणि फरक तिथे कळतो. पण तोही काळावर अवलंबून आहे. १७५४ च्या आधीचं पान बघायला पैसे टाकाल तर बऱ्याचदा नाव, तारीख, "अमक्याचा मुलगा" एवढीच ओळ, म्हणजे इंडेक्समध्ये होतं तेवढंच. १७५२ पर्यंत तर त्यांचं वर्षच २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जुन्या वहीतला १७३० चा फेब्रुवारी म्हणजे आपल्या हिशेबाने १७३१ चा, हे माहीत नसेल तर मूल लग्नाआधीच जन्मलेलं दिसतं आणि उगाच घरात चर्चा. १७५४ पासून लग्नाच्या छापील वह्या आल्या, त्यात नवरा-नवरी आणि साक्षीदारांच्या सह्या. १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनाचेही छापील रकाने, एका पानावर आठ नोंदी, बाप्तिस्म्यात बापाचा धंदा, दफनात वय.

आमच्या माणसाचं लग्न १८१९ चं. इंडेक्समध्ये दोन नावं आणि तारीख. फोटोत बघितलं तर त्याच्या नावापुढे फुलीची खूण, आणि तिच्या नावापुढे वाकडीतिकडी पण पूर्ण सही! ती शिकलेली होती आणि तो नाही, हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. दफनाच्या नोंदीत राहण्याच्या जागी नुसतं "युनियन" लिहिलेलं. मी गाव समजून नकाशात शोधत बसले. १८३४ च्या कायद्यानंतर गावांचे गट करून वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा) चालवायचे, त्या गटाला युनियन म्हणायचे, म्हणजे म्हातारा शेवटी वर्कहाउसात होता.

तरी एक कोडं राहिलंच. पहिली दोन मुलं एका गावात बाप्तिस्मा झालेली आणि तिसरं अचानक शेजारच्या गावात, का? हे कुठलीच साइट सांगेना. त्यासाठी रजा टाकून एक्सेटरच्या रेकॉर्ड ऑफिसला गेले. बॅग लॉकरमध्ये, पेन बंद, फक्त पेन्सिल. रजिस्टरं तिथेही कॉपीवरच बघायला मिळतात, त्यामुळे नुसत्या रजिस्टरसाठी तिकीट काढून जाऊ नका. जायचं ते गरिबांच्या कागदांसाठी. १६६२ च्या कायद्याने गरीब माणूस गावाकडे मदत मागायला आला की तो नक्की कुठल्या गावचा हे ठरवायचे, दोन मॅजिस्ट्रेटांसमोर त्याचा जबाब व्हायचा आणि आपल्या गावचा नसला तर परत पाठवायचे. आमच्या माणसाचा १८२२ चा जबाब मिळाला. जन्म कुठे, लग्नाआधी कुठल्या शेतकऱ्याकडे लेडी डे ते लेडी डे (२५ मार्च ते २५ मार्च) पूर्ण वर्ष सालगडी होता, पगार किती, सगळं. त्या एका वर्षामुळे तो कायद्याने त्या दुसऱ्या गावचा ठरला, आणि बायको-पोरांसकट त्याची तिकडे रवानगी झाली. तिसरं मूल तिथलं. खाली पुन्हा तीच फुली.

तर ठरवायचं कसं? जनगणना आणि फुकट इंडेक्समधून १८३७ च्या (सरकारी जन्म-मृत्यू नोंदी तेव्हा सुरू झाल्या) मागे पोचता आलं नसेल तर अजून पैसे भरू नका. १८५१ च्या जनगणनेत जन्मगाव लिहिलेलं असतं, तिथून काउंटी पक्की करा, मग त्या काउंटीच्या साइटचं एकाच महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या, वर्षाचं नको. इंग्लंडमध्ये राहत असाल तर तेही कशाला, बऱ्याच सार्वजनिक लायब्रऱ्यांत अॅन्सेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट फुकट बसून बघता येतं. रेकॉर्ड ऑफिसला जायचं आधी त्यांचा कॅटलॉग शोधून, कारण गरिबांचे कागद काही गावांचे पेटीभर आहेत आणि काहींचा एक चिटोराही नाही. पूर्वज गरीब असेल तर मी तर म्हणेन फोटोंपेक्षा इथेच जास्त खर्च करा. बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी शेतकरी असेल तर त्याला कुणी जबाबाला उभं केलेलं नसणार, मग महिन्याचं सबस्क्रिप्शन पुरे.

भुसावळवाल्याची गोष्ट उलटी आहे, त्याला इकडून तिकडे जायचंय. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि फिबिस (ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था) हिच्या साइटवर फुकट शोधता येतं. लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव मिळेल, पण तिकडचं गाव सहसा नाही. पणजोबा पेन्शनर सैनिक असते तर लष्कराच्या कागदांत जन्माची पॅरिश मिळाली असती, ड्रायव्हरचं तसं नाही. म्हणून बापाचं नाव घेऊन आधी १८५१ आणि १८६१ च्या जनगणनेत घर शोध म्हटलंय, तोवर कार्ड खिशातच.