पाठीवरचं कॅरियर, आठ महिन्यांनंतर (आणि त्या वेल्क्रोबद्दल)

कार्ल्याच्या चैत्यगृहात मी थोरलीला वर बघ म्हणून सांगत होतो. छताला त्या लाकडी फासळ्या दिसतात ना, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी आहेत. एवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावर 'टर्र' झालं आणि धाकटा पाठीवर एका बाजूला कलला. पट्ट्याची शिवण उसवली होती. कॅरियर, म्हणजे पोराला बसवून पाठीवर घ्यायची फ्रेमची बॅग, अवघं सहा महिन्यांचं.

बायकोने मागून झेललं म्हणून निभावलं. मग एकवीरेच्या पायऱ्या उतरायच्या, एका कडेवर बारा किलोचं पोर, दुसऱ्या हातात रिकामी फ्रेम, दोन्हीकडे दुकानं आणि थोरलीला दर दुकानातलं डमरू हवं. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या. माझा सूर कुठे तिखट लागला तर तो त्या पायऱ्यांचा आहे.

घेतलं गणपतीच्या आधी, सेलमध्ये, 6,800 रुपयांना. तेवढ्यात चांगली बाबागाडी आली असती, हे घरात मला अजून ऐकवतात. पण आम्हाला दोन्ही पोरांना घेऊन देवळं आणि लेणी बघायची होती, आणि लेण्यांत बाबागाडी म्हणजे निव्वळ हमाली. फ्रेमचं वजन, खिसे किती, कुठल्या वयापासून चालतं वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

पहिली फेरी आळंदी-देहू, ऑक्टोबरात. मुद्दाम कार्तिकीच्या आधी गेलो. दर्शनबारीत कळलं की या वस्तूचा खरा फायदा पाठ वाचण्यात नाहीच. कडेवरचं किंवा चालतं पोर रांगेत फक्त लोकांच्या पिशव्या आणि कमरा बघतं. आमचा धाकटा सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत होता. मागच्या आजींनी त्याच्याशी गप्पा सुरू केल्या, बुक्का लावला, पुढे अर्धा तास तो रडलाच नाही. अजानवृक्ष त्याने माझ्या आधी पाहिला असेल. देहूच्या गाथा मंदिरात तर थोरलीचाच दिवस होता. नुकतीच वाचायला लागलीय. भिंतीवर कोरलेले अभंग बोट ठेवून वाचायला लागली, जोडाक्षर आलं की माझ्याकडे बघायची. तुकोबांचे चार हजारांवर अभंग आहेत म्हटल्यावर म्हणाली, "मग इथेच राहू या." घरी येऊन मी या वस्तूला मनातल्या मनात पाच तारे दिले.

आता वेल्क्रो.

पोटाचा पट्टा बकलचा आहे, उत्तम. पण मुलाच्या छातीवरून जी पट्टी येते, ती कुणा शहाण्याने वेल्क्रोची केली आहे. उघडताना 'चर्रर्र' असा आवाज होतो की झोपलेलं मूल खडबडून जागं होतं. म्हणजे बघा, मूल झोपतं म्हणून कॅरियर घ्यायचं, आणि झोपलेल्या मुलाला त्यातून काढायला गेलं की ते उठणार. आळंदीला गोंगाटात हे जाणवलं नाही. जाणवलं डिसेंबरात, वेरूळला, दहा नंबरच्या लेण्यात.

दहा नंबर म्हणजे सुताराची झोपडी. वर दगडातच कोरलेल्या फासळ्या, समोर स्तूप, त्याच्यापुढे बसलेले बुद्ध. आवाज घुमण्यासाठी हे लेणं प्रसिद्ध आहे. एक वयस्कर गृहस्थ स्तूपापुढे डोळे मिटून हलक्या आवाजात 'बुद्धं शरणं' म्हणत होते आणि सगळं दालन त्यांच्याबरोबर म्हणत होतं. धाकटा नुकताच झोपलेला. मला वाटलं, इथे गार आहे, काढून मांडीवर घेऊ. आणि मी वेल्क्रो ओढलं. ते चर्रर्र त्या कमानींमधून फिरून परत आलं. मग धाकट्याचं रडणं फिरून परत आलं. गृहस्थांनी डोळे उघडले, काही बोलले नाहीत, नुसते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

घृष्णेश्वरला तर कहर. गाभाऱ्यात पुरुषांनी अंगात वरचे कपडे न घालता जायचं. म्हणजे रांगेत आधी चर्रर्र, मग पोर बायकोकडे, मग बकल, मग फ्रेम, मग सदरा. बाहेर आल्यावर हे सगळं उलट्या क्रमाने. तिथे जाणार असाल तर माझं ऐका, कॅरियर गाडीतच ठेवा, पोर कडेवर घ्या.

एवढं झाल्यावर हे विकून टाकायचं मी वेरूळच्या वाहनतळावरच ठरवलं होतं. मत बदललं ते त्याच संध्याकाळी, कैलासात. (वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी.) कैलासाचं देऊळ डोंगर वरून खाली कोरत आणून घडवलेलं आहे, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात. हे थोरलीला सांगून काही झालं नाही. तिला हत्ती दिसले. मंदिराच्या जोत्याला ओळीने हत्ती आहेत, जणू अख्खं देऊळ त्यांच्या पाठीवर ठेवलंय. ती खाली एकेकाच्या समोर उभी राहून मोजत होती. अंगणातल्या मोठ्या हत्तीची सोंड तुटलेली बघून "कुणी तोडली?" हे किमान दहा वेळा विचारून झालं. आणि वर माझ्या कानाशी धाकटा "हत्ती, हत्ती". तो बघत होता ते माझ्या डोळ्यांना न दिसणारे, वरच्या पट्टीतले कोणते तरी प्राणी. दोघं दोन वेगळ्या मजल्यांवरून एकच देऊळ बघत होती. वेल्क्रोला माफ केलं.

अजिंठ्याला फ्रेमचा दुसरा दोष कळला. ती मागे वीतभर बाहेर येते आणि आपल्याला मागचं दिसत नाही. एक नंबरच्या लेण्यात अंधूक उजेड, पद्मपाणीच्या चित्रापुढे गर्दी, आणि मी वळलो की माझ्यामागे चित्रांची भिंत. तिथल्या पहारेकऱ्याने हटकलं ते योग्यच केलं. दीड हजार वर्षांच्या रंगांना माझ्या ॲल्युमिनियमचा ओरखडा नको. त्यानंतर चित्रांच्या लेण्यांत बायको आत गेली की मी पोराला घेऊन बाहेर, मग अदलाबदल. शिवाय या लेण्यांत पादत्राणं काढावी लागतात. पाठीवर बारा किलो घेऊन बुटाच्या नाड्या सोडून बघा एकदा. चपला घाला. सव्वीस नंबरमधल्या पहुडलेल्या बुद्धांपुढे थोरली कुजबुजत म्हणाली, "बाबा, वेल्क्रो नको हं, ते झोपलेत." तिला महापरिनिर्वाण समजावण्याचा प्रयत्न मी पुढच्या वर्षावर ढकलला.

पैठणचं थोडक्यात. नाथांच्या वाड्यातला रांजण, जो श्रीखंड्याच्या रूपात देवाने पाणी वाहून भरला म्हणतात, तो मुलांना फार आवडला. थोरलीचा प्रश्न होता की देव पाणी कशातून आणायचा, बादलीतून की घागरीतून. कॅरियरबद्दल पैठणला तक्रार नाही, ते गाडीतच होतं.

तर कार्ला झालं फेब्रुवारीत. कंपनीला फोन केला. वॉरंटी एक वर्षाची, पण फक्त फ्रेमवर, कापडावर नाही. मी म्हटलं, मूल फ्रेमला नाही, कापडाला लटकतं. मग फोटो पाठवा. मग व्हिडिओ पाठवा. मग विचारलं, मूळ खोका आहे का? खोका आहे, पण त्यात गणपतीचं मखर आहे आणि तो माळ्यावर आहे, असं मी खरं ते सांगितलं. पलीकडे शांतता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की शिवण 'अयोग्य वापरामुळे' उसवली, नवीन घेतल्यास 15 टक्के सवलत. मूल पाठीवर घेणं हा अयोग्य वापर असेल तर योग्य कोणता, हे मी दोनदा विचारलं. उत्तर नाही.

शेवटी आमच्या मंडईजवळ बॅगा शिवणारे काका आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पट्टा उलटा करून बघितला, म्हणाले, "एकेरी दोरा हाय. पोरगं हाय का भाजी?" नायलॉनच्या दुहेरी दोऱ्याने चौकोन मारून मध्ये फुली घातली, दोन्ही खांद्यांना. मी सहज वेल्क्रोचं रडगाणं गायलं. त्यांनी न विचारता वेल्क्रो उसवून काढलं आणि तीन जाड टिचबटणं बसवली. सगळे मिळून 120 रुपये. मी 150 देऊ केले, त्यांनी 30 परत दिले.

गेल्या रविवारी भाजे लेण्यांना गेलो, खास परीक्षा म्हणून. थोरलीने ते दाटीवाटीने उभे असलेले स्तूप मोजले, चौदा भरले. चैत्यगृहात धाकटा झोपला होता. मी एकेक बटण सोडलं. टिच. टिच. टिच. हलला नाही. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं आणि थोरली चैत्याच्या दुसऱ्या टोकाहून ओरडली, "बाबा, माकड!"

धाकटा आता साडेबारा किलोचा आहे आणि त्याला माकडामागे स्वतः धावायचं असतं. तेव्हा कुणाला हवं असेल तर 3,000 ला देईन, नव्या शिवणीसह. खोका मिळणार नाही.